हेड उतरवायचं आहे

१२ फेब्रुवारी १९८९, रविवार

अब्रू गेली. अनगावच्या पुढे, भर रस्त्यात, वाफेसकट गेली!

जीप तापली. बॉनेटखालून आधी सूं सूं, मग फसफस, मग असा पांढरा ढग की मागच्या ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला. रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो तर आक्का मागून ओरडली, "हात नको लावू, भाजशील!" थोरली बहीण आहे. मी पंचेचाळिशीचा झालो तरी तिच्या लेखी अजून चुलीपाशी रांगतोय. निघालो होतो तिच्याच गुडघ्यांसाठी — वज्रेश्वरीच्या गरम कुंडात तिला बसवायला. त्या ढगाकडे बघत म्हणते, "आता वज्रेश्वरीला जावाचा कशाला रं? कुंड तं हितंच हाय!"

कमळ हसली. म्हणजे पदर तोंडाला लावला आणि खांदे हलले. आवाज नाही. माझ्यासमोर आवाज काढायचाच नाही असं बाईसाहेबांचं ठरलंय ना!

मागून वज्रेश्वरीची एस.टी. आली. दोघी तिच्यात बसून निघून गेल्या. मागच्या खिडकीतून आठवी-ब ची चार तोंडं बाहेर — "सर, धक्का मारू?" उद्या वर्गात फळ्याकडेच तोंड ठेवणार आहे.

आज अबोल्याचा पंधरावा दिवस. २९ जानेवारीला जीप घरी आणली, त्या संध्याकाळपासून माझी बायको माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, डब्यात लोणचं — सगळं जागच्या जागी, फक्त बोलणं नाही. कारण उघड आहे. तिला जीप नको होती. आणि मी किती थाटात आणली! भिवंडीत देवळासमोर पूजा केली, पुढच्या सीटवर माझ्याशेजारी आमचे हेडसर, मागे कमळ आणि आक्का ताट-नारळ धरून. पूर्णा गावात आमच्या आळीतली पहिली चारचाकी! हेडसर बाहेर हात काढून लोकांना नमस्कार करत होते. अशी शोभा आळीनं पाहिली नव्हती. आणि हिच्या तोंडाला त्याच दिवशी कुलूप!

एकदा जीप वज्रेश्वरीला जाऊन धड परत आली की बोलेल. माहेर आहे तिचं तिथं. बोलावंच लागेल.

१३ फेब्रुवारी, सोमवार

काल ट्रकला बांधून ओढत आणलेली जीप बघायला गुलाम हुसेन येऊन गेले. नाक्यावर त्यांचं गॅरेज, तीस वर्षं डिझेल इंजिनात हात काळे. तेलाची कांडी बाहेर काढली, बोटानं पुसली, माझ्या नाकासमोर धरली. तेल दुधाळ चहासारखं.

"तेलात पानी शिरला मास्तर. हेड पॅकिंग गेली. हेड उतरवायला लागंल."

इंजिनाचे दोन भाग. खालचा ब्लॉक, वरचा हेड. दोन्हींच्या मध्ये एक पातळ पत्र्याचा तुकडा, ती पॅकिंग. ती जळाली की पाणी नको तिथे, वाफ नको तिथे. बाकी इंजिन ठणठणीत आहे म्हणाले. येत्या रविवारी आमच्याच अंगणात खोलायचं. मी मदतनीस.

शाळेत मोठाच घोटाळा. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे हेडमास्तरांना नुसतं 'हेड' म्हणतो (मी तर घरीही म्हणतो). शिपाई काळूरामला मी उत्साहानं सांगत होतो, "रविवारी हेड उतरवायचं आहे. नीट जोर लावला तर तासाभरात खाली. बरेच दिवस तापतंय." काळूराम माझ्या खांद्यावरून मागे बघत उभा. डोळे हे एवढे. वळलो तर हेडसर!

अर्धा तास इंजिन समजावून सांगितलं. ब्लॉक, पॅकिंग, वाफ, फळ्यावर आकृतीसुद्धा काढली. "समजलं," म्हणाले. सकाळी माझे दोन तास मोकळे होते. संध्याकाळी नवं वेळापत्रक लागलं — एकही नाही.

घरी हा किस्सा आक्काला सांगितला. मीही हल्ली आक्कामार्फतच बोलतो. पडद्याआड कोणाचे तरी खांदे हलत होते.

१४ फेब्रुवारी

कमळ मांजराला म्हणाली, "मीठ संपलंय." मीठ आणलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

हेड उतरलं! इंजिनाचं. (आता प्रत्येक वेळी हे लिहावं लागणार.)

गुलाम हुसेन आठला हजर. आधी पाणी सोडलं, मग नळ्या काढल्या, मग बोल्ट. दहा बोल्ट हेडला आवळून धरतात — काही लांब, काही आखूड, ज्याचं भोक त्याला. अदलाबदल चालत नाही. म्हणून ते काढायचे तसे कापडाच्या ताग्यातल्या पुठ्ठ्यात एका ओळीत खोचून ठेवतात, "ज्याचा नंबर त्याला." ते बोल्ट खोचत होते तेवढ्यात आतून कपबशी आपटली. म्हणजे चहा झाला. मी चहा आणायला गेलो. कमळ खिडकीत तांदूळ निवडत होती, डोळे मात्र अंगणात. जीप नको म्हणणारी बाई कशी टक लावून बघत होती!

चहा पितानाच एक पोरगा सायकलवरून आला, कोणाचा तरी टेम्पो बंद पडलाय म्हणून गुलाम हुसेनना घेऊन गेला. जाताना बजावलं, "पुठ्ठा हलवू नका."

हलवला नाही. पण नुसते उघडेबोडके बोल्ट बघवेनात. मी चित्रकलेचा मास्तर! रंगपेटी काढली आणि पुठ्ठ्यावर आकडे घातले. एक ते दहा. काळा रंग, उजव्या अंगाला तांबडी सावली. पाचाचं वळण तर असं साधलं की स्वतःच थोडा वेळ बघत बसलो. गॅरेजच्या कामात असं अक्षर भिवंडीत कोणी पाहिलं नसेल.

२१ फेब्रुवारी

आता ब्लॉकचं तोंड साफ करणं. जुनी पॅकिंग भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखी चिकटली आहे. गुलाम हुसेनांचा हुकूम: छिन्नी नाही, हातोडी नाही, पॉलिशपेपर तर नाहीच — त्याची वाळू सिलिंडरात गेली तर इंजिन आतून खरवडेल. सिलिंडरांच्या भोकांत फडकी कोंबायची आणि बोथट पात्यानं हळूहळू खरडायचं. "बोट फिरवला तं आरशावानी लागला पायजे. साफ म्हंजे साफ, मास्तर. शाळेतला साफ नाय."

फडकं म्हणून माझे दोन बनियन गेले. दोन तास खरडलं. तळहाताएवढं स्वच्छ झालं.

२२ फेब्रुवारी

बोथट पातं कोणतं, याचा विचार करता करता स्वयंपाकघरातलं उलथणं दिसलं. काय सुंदर काम करतं! एक सिलिंडर संपूर्ण मोकळा झाला.

रात्री जेवायला नुसता भात.

"आक्का," कमळ भिंतीकडे बघून, "त्यांना विचारा, भाकरी कशानं उलथू? पान्यानं?"

आक्कानं निरोप दिला: "ती म्हनते, तू गाढव हाय."

असं ती म्हणाली नव्हती! आक्का निरोपात स्वतःचं घालते, हे माझ्या लक्षात आलंय.

२३ फेब्रुवारी

नवीन उलथणं आणलं. जुनं मला मिळालं. एका अर्थी ही भेटच. पण काही म्हणाली नाही.

२४ फेब्रुवारी

पुसायला रॉकेल घेतलं. स्टोव्ह विझला. आज ती स्टोव्हशी बोलली. फार बोलली. स्टोव्हचे वडील, स्टोव्हचे काका, स्टोव्हच्या अख्ख्या खानदानात कोणी आयुष्यात एक तरी काम धड केलंय का, सगळं निघालं. मी बाहेर पायरीवर बसून ऐकलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. आवाज तरी आला.

२५ फेब्रुवारी, शनिवार

अर्धी शाळा. दुपारी सपाटी तपासली. हे मात्र माझं क्षेत्र! ब्लॉकवर पोलादी पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवायची आणि खालून कागद सरकतो का बघायचं. गुलाम हुसेनांकडे त्याची पातळ पत्र्यांची जुडी असते. मी ट्रेसिंग पेपरची चिंधी वापरली. कुठेच शिरत नाही. ब्लॉक सरळ! वरचं हेड मात्र मध्ये किंचित वाकलंय, तापून. ते लेथवर घासून आणायला दिलं.

गुलाम हुसेननी माझी पट्टी हातात घेतली, ब्लॉकवर ठेवली, खाली वाकून एक डोळा मिटला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, तुमच्या हाताला गुन हाय." एकोणीस वर्षं शाळेत शिकवतोय, हे वाक्य मला तिथे एकदाही ऐकायला मिळालं नाही.

कमळला सांगावंसं वाटलं. आक्का झोपली होती.

२६ फेब्रुवारी, रविवार

बोल्टांची भोकं साफ केली. काडीला चिंधी गुंडाळून एकेक. आत पाणी किंवा तेल राहिलं तर वरून बोल्ट आवळताना त्याला जायला जागा नसते, ब्लॉकच फुटतो. दहा भोकं, सतरा चिंध्या.

कमळ दारात येऊन उभी राहिली. पुठ्ठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं. मिटलं! मग मांजराला म्हणते, "डावं-उजवं कळत नाही का गं तुला?"

मांजर बशीतून कुठल्याही बाजूनं दूध पितं. त्याला डावं-उजवं कशाला कळायला हवं? हिला झालंय तरी काय?

५ मार्च, रविवार

हेड आलं, पॅकिंग आली, गुलाम हुसेन आले. काय तो सोहळा! ब्लॉक असा लखलखत होता की आळीतले लोक बघायला आले. नवी पॅकिंग ठेवली, वर हेड बसवलं. गुलाम हुसेन बॉनेटमध्ये वाकलेले, हात मागे पसरलेला.

"एक नंबर!"

"घ्या एक नंबर!"

"दोन!"

"दोन घ्या!"

ऑपरेशन थिएटरात डॉक्टरांना हत्यारं द्यावीत तसा मी एकेक बोल्ट पुसून हातावर ठेवत होतो. मग मधल्या बोल्टापासून सुरुवात करून बाहेरपर्यंत, तीन फेऱ्यांत आवळले. खिडकीत कमळ. दोनदा खोकली. सर्द-गरम झालं असेल.

एका दमात चालू झाली. आक्कानं बॉनेटला कुंकू लावलं. वीस मिनिटं उभ्या उभ्या चालवली.

मग गुलाम हुसेननी रेडिएटरचं झाकण जपून काढलं. आत बुडबुडे. सोड्याची बाटली फोडावी तसे.

"तीस वर्षांत असा नाय झाला," म्हणाले. "ब्लॉकला बारीक तडा असंल. तसा असला तं भंगार, मास्तर." चहाही न घेता गेले. त्यांची पाठ अशी पडलेली मी कधी पाहिली नव्हती.

७ मार्च

झोप नाही. मनातलं लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय!

ही बाई एकोणीस वर्षं माझ्या कानाशी बोलत आली आहे. मी चित्र काढत बसायचो आणि ही मागून — कोणाची कोंबडी कोणाच्या परसात, खाडीवर कोण कोणाशी भांडलं, तिच्या आईनं कोळंबी कशी केली होती. मी "हं, हं" म्हणायचो. कधी म्हणायचो, "जरा गप्प बस गं, रेष चुकते."

आता ३८ दिवस गप्प आहे. एक रेष धड येत नाही.

ब्लॉक भंगारात गेला तर वज्रेश्वरी गेली. वज्रेश्वरी गेली तर ही आता कायमचीच गप्प. मला भीती वाटते. जीपची नाही.

१२ मार्च, रविवार

आज जे झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर माझा मलाच विश्वास बसणार नाही.

पुन्हा हेड उतरवलं. ब्लॉकला तडा नाही! गुलाम हुसेननी रॉकेल लावून, खडू फासून, भिंग लावून पाहिलं. कुठेच नाही. मग गळतंय कुठून? आणखी एक नवी पॅकिंग आणली. ब्लॉकचं तोंड पुन्हा पुसलं, भोकं पुन्हा कोरडी केली. सगळं तेच. हेड बसवलं. त्यांनी हात मागे केला.

"एक नंबर."

मी डावीकडचा पहिला बोल्ट उचलला. आणि खिडकीतून —

"गुलामभाई, थांबा! त्यांच्या हातचा नका घेऊ! तुम्ही उजवीकडून खोचले होते!"

कमळ! मोठ्यानं! आळीत ऐकू जाईल असं!

माझ्या हातातून बोल्ट पडला. गुलाम हुसेन सरळ उभे राहिले, डोकं बॉनेटवर आपटलं. पुठ्ठ्याजवळ आले. आकड्यांवरून बोट फिरवलं.

"ह्ये डावीकडून कोन लिवला?"

"मी. म्हणजे काय? सगळं जग डावीकडूनच लिहितं!"

"कनचा जग? मी उर्दू शाळेत शिकलो मास्तर. माझा सगळा उजवीकडून चालू होतो. तीस वर्षं माझा पयला बोल्ट उजवीकडं!"

"मग आकडे बघून सांगायचं नाही का?"

"आकडे एवढे झ्याक काडलेले, मना वाटला मास्तरनी मोजून लिवले असतील! मी मुंडी खाली घालून हात पुढं केला."

त्यांनी बोल्ट नंबर तीन आणि नंबर आठ शेजारी शेजारी उभे केले. आठ जरासा लांब. "बघा, एका सुताचा फरक." भिवंडीत सूत म्हणजे मागावरचं, एवढंच मी समजत होतो. गॅरेजात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लांब बोल्ट आखूड भोकात घातला की तळाला टेकतो. पान्याला वाटतं आवळला, पण हेड काही दाबलं जात नाही. तेवढ्या फटीतून सगळं बाहेर! माझ्या सुंदर आकड्यांनी एक कोरी पॅकिंग आणि अख्खा आठवडा खाल्ला.

मग गुलाम हुसेनना हसू फुटलं. मग मला. ते मडगार्डला धरून खाली बसले. "दोगं शिकलेली मानसं," म्हणाले, "आन पुठ्ठा येक!"

मी खिडकीकडे धावलो. "म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? आणि तीन आठवडे सांगितलं नाहीस?"

कमळनं सूप उचललं. "आक्का, त्यांना सांगा, मी गुलामभाईंशी बोलले. त्यांच्याशी नाही."

आक्का म्हणाली, "आयकलास ना? मी पुन्ना नाय सांगत."

उजवीकडून बोल्ट घातले. वीस मिनिटं चालवली. पाणी शांत. एक बुडबुडा नाही.

१३ मार्च

जीप उत्तम. बोलली नाही.

१५ मार्च

अंजूर फाट्यापर्यंत जाऊन आलो. तापमानाचा काटा मध्याच्या वर गेला नाही. घरी येऊन मोठ्यानं आक्काला सांगितलं. कमळनं ऐकलं, आणि पोळीचा तवा घासत राहिली.

म्हणजे जीप बंद म्हणून अबोला नव्हता. मग कशासाठी होता? एवढं खोललं, खरडलं, पुसलं, ते कशासाठी?

१८ मार्च, शनिवार

उद्या वज्रेश्वरी. आक्कानं टॉवेल आतापासूनच बांधून ठेवलाय. शाळेत हेडसरांनी कुठून तरी ऐकलं. "मीही येतो. माझीही कंबर धरली आहे. सातला तुमच्याकडे हजर." नाही कसं म्हणणार? मोकळे तास अजून परत मिळालेले नाहीत.

१९ मार्च, रविवार

हेडसर सातला आले. टॉवेल खांद्यावर, थेट पुढच्या सीटवर. कमळ बाहेर आली. हातात पूजेचं ताट, नारळ. एक क्षण पुढे बघितलं, आणि मागे चढायला साडी उचलली. तिचा चेहरा बघितला आणि २९ जानेवारी डोळ्यांसमोर उभी राहिली. तेच ताट, तोच नारळ, तीच मागची सीट, पुढे हेडसर. गाढव! आक्का बरोबर सांगत होती!

"सर," मी म्हणालो. आवाज माझाच होता. "आपण मागे बसा. इथे कमळ बसते."

हेडसर उतरले. काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. आक्कानं त्यांना मागे जागा करून दिली.

पूर्णा गेलं, भिवंडी गेली. अनगाव आलं. जिथे ढग निघाला होता ती जागाही गेली. काटा मध्यावर. पन्नासावा दिवस. कमळनं मांडीवरचा नारळ सरळ केला, रस्त्याकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली:

"हेड उतरवायला पन्नास दिवस लावलेत. आणि आधी उतरवलंत ते भलतंच!"